जऊळक्याला दोनशे फूट

तुमच्यापैकी किती जणांनी जऊळका हे नाव ऐकलंय? खरं सांगा. वाटलंच मला. माझ्या ऑफिसात 'वीकएंडला जऊळक्याला चाललेय' म्हटल्यावर शेजारच्या क्युबिकलमधल्या मुलीने विचारलं, "रिसॉर्ट आहे का गं?" नाही बाई. रेल्वे स्टेशन आहे, पोलीस स्टेशन आहे, हायवेला चहाच्या टपऱ्या आहेत आणि माझं आजोळ आहे. वाशीम जिल्हा, मालेगाव तालुका. (हे मालेगाव नाशिकचं नव्हे. हा खुलासा मी आयुष्यात किमान दोनशे वेळा केला असेल.)

नकाशात बघायचंच असेल तर अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावर बोट ठेवा. अकोल्याहून निघालं की बार्शीटाकळी, लोहगड, मग गाडी डोंगरातून वळणं घेत वर चढते आणि पठारावर येऊन जऊळक्याला टेकते. पुढचं मोठं स्टेशन वाशीम. गावाच्या नावालाच लोकांनी 'जऊळका रेल्वे' करून टाकलंय. मी लहान असताना ही मीटरगेज लाइन होती. मीनाक्षी एक्सप्रेस हैदराबादेहून निघून याच रुळांवरून थेट राजस्थानात जायची आणि आम्ही मामेभावंडं रुळांवर दहा पैशांची नाणी ठेवून त्यांच्या चकत्या करायचो. २००८ च्या सुमारास ब्रॉडगेज झालं. नाण्यांच्या चकत्या करायला आता कोणी उरलं नाही. मामेभाऊ दोघेही पुण्यात, एक हिंजवडीत, एक चाकणला.

पण या वेळी मी आजोळी जात होते ते आंब्यांसाठी नाही, हुरड्यासाठी तर नाहीच (एप्रिल होता). मी पळून चालले होते. फोनपासून.

आता हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

दोन वर्षांपूर्वी मला एक व्यसन लागलं. सिगारेट, शॉपिंग, रील्स यांतलं काही नाही. सोन्याच्या खाणी. खाण म्हणजे खाणसुद्धा नव्हे. खाण होऊ शकेल अशी नुसती जमीन. कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात शेकड्याने छोट्या कंपन्या असतात, त्यांना 'ज्युनिअर' म्हणतात. त्यांच्याकडे खाण नसते, विक्री नसते, नफा नसतो. असतो तो जमिनीच्या तुकड्यावरचा शोधायचा हक्क, दोन-चार जिऑलॉजिस्ट, एक उत्साही सीईओ आणि भाड्याची ड्रिलिंग रिग. शेअर विकून पैसे उभे करायचे, त्या पैशांतून जमिनीला भोकं पाडायची, आतून निघालेला दगडाचा गोल दांडा, म्हणजे कोअर, लॅबला पाठवायचा आणि वाट बघायची. टनामागे किती ग्रॅम सोनं, एवढ्या एका आकड्यावर शेअर तिप्पट होतो किंवा पाऊण संपतो. टोरांटोच्या व्हेंचर एक्स्चेंजवर हा खेळ रोज चालतो. आणि रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेमुळे (२००४ पासून ती आहे, आता वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात) पुण्यात बसलेली माझ्यासारखी बाईसुद्धा त्यात भाग घेऊ शकते. फॉर्म भरा, बँकेतून डॉलर पाठवा, परदेशी ब्रोकरकडे खातं उघडा. झालं.

नशेला नाव असतं, तसं या नशेलाही आहे. पिएर लासोंद नावाच्या खाणउद्योगातल्या बड्या माणसाने एक आलेख काढला होता. शोध लागण्याच्या आधी आणि लागताना शेअर आकाशात जातो, कारण तेव्हा सगळं स्वप्न असतं. मग हिशोब सुरू होतात, परवानग्या, रस्ते, यंत्रं, कर्ज, आणि शेअर वर्षानुवर्षं खाली घसरत राहतो. खाण प्रत्यक्ष सुरू होताना कुठे परत वर येतो. म्हणजे पैसे मिळतात ते सोन्यावर नाही, बातमीच्या आदल्या दिवशी. हे कळल्यावर शहाण्या माणसाने पुस्तक मिटायला हवं. मी अकरा हजार शेअर्स घेतले. बेचाळीस सेंटला एक.

कंपनीचं नाव सांगत नाही. उत्तर ओंटारिओमध्ये त्यांची जमीन. हिवाळ्यात तळी गोठली की बर्फावर रिग उभी करून ड्रिल करतात, कारण उन्हाळ्यात तिथे नुसता चिखल. पहिल्या भोकात १२ मीटर जाडीत टनामागे ३.८ ग्रॅम निघालं होतं. वाईट नाही. उरलेल्या सहा भोकांचा निकाल 'लवकरच' येणार होता. लवकरच म्हणजे सात आठवडे झाले होते. एप्रिलमध्ये टोरांटोचा बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो. बातम्या त्याच्या आधी, साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान येतात. सात आठवडे मी रोज त्या दोन तासांत कोणत्याही मीटिंगमध्ये असले तरी मनाने ओंटारिओत होते. एकदा क्लायंट कॉलवर 'एनी अपडेट?' विचारल्यावर मी 'लॅब डिले' असं उत्तर दिलं. शप्पथ.

पैसे कुठले? हा प्रश्न विचारला नसतात तर बरं झालं असतं. जवळपास पावणेतीन लाख रुपये. बाणेरच्या फ्लॅटच्या डाउनपेमेंटसाठी आम्ही दोघं मिळून साठवत होतो त्यातले. नवऱ्याला माहीत नव्हतं.

गाडी येऊन राह्यली

मामाचा फोन आला तो बुधवारी. "बाई, शुक्रवारी बोरची गाडी येऊन राह्यली. येतं का पाहाले? चौथा बोर हाय." मामा हे अशा सुरात म्हणाला की घरी चौथ्या मुलीचं लग्न आहे. मी म्हटलं येते. फोनवर नेटवर्क नाही अशा ठिकाणी दोन दिवस, उत्तमच!

जायचं कसं, ते सांगून टाकते. पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्सप्रेस पकडली की सकाळी अकोला. तिथून पूर्णेकडे जाणारी पॅसेंजर, किंवा एसटीने पातूरवरून मालेगाव. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्ग वाशीम जिल्ह्यातूनच जातो; २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून मुंबई-पुण्याची मंडळी या भागातून ताशी १२० ने जातात आणि खिडकीबाहेर बघतही नाहीत. बघण्यासारखं काय आहे? एप्रिलमध्ये, प्रामाणिकपणे, फार काही नाही. सोयाबीन केव्हाच निघालेलं, तूर-हरभराही गेलेला. काळी रानं उलटी होऊन तापत पडलेली. मधूनच पळस, मधूनच एखादी संत्र्याची बाग, हिरवीगार, जणू कोणी चुकून तिथे ठेवली. दुपारी बारा ते चार गाव कुलूप लावल्यासारखं बंद. पण संध्याकाळी साडेसहाला पठारावर जो वारा सुटतो, त्यासाठी मी पुण्यातला कुठलाही रूफटॉप कॅफे सोडून द्यायला तयार आहे.

दिवस हाताशी असेल तर याच तालुक्यातलं शिरपूर जैन गाठा. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा. दोन पंथांच्या वादात १९८१ पासून बंद असलेलं दर्शन सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं. चाळीसहून जास्त वर्षं लोकांनी वाट बघितली. मी सात आठवड्यांत अर्धी झाले होते.

आणि लोणार. बुलढाणा जिल्ह्यात, पण इथून तासा-दोन तासांवर. सगळे तिथे खाऱ्या पाण्याचे फोटो काढतात. मला मात्र त्यातली ड्रिलिंगची गोष्ट आवडते (व्यसनी माणसाला सगळीकडे तेच दिसतं!). लोणार हा ज्वालामुखीचा खड्डा की उल्केचा, यावर कितीतरी वर्षं वाद होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तळाशी भोकं पाडून नमुने वर काढले, तेव्हा प्रचंड आघाताच्या खुणा असलेला दगड सापडला आणि उल्केच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे आमच्या वऱ्हाडातही ड्रिलिंग रिझल्टने जगभर बातमी केलेली आहे. तिकडे अमेरिकेत ॲरिझोनाच्या तशाच खड्ड्यावर डॅनियल बॅरिंजर नावाच्या माणसाने १९०३ मध्ये कंपनी काढली, कारण एवढी मोठी उल्का पडली तर खाली कोट्यवधी टन लोखंड असणारच. सव्वीस-सत्तावीस वर्षं तो भोकं पाडत राहिला. लोखंड आघातातच वाफ होऊन गेलेलं. खड्डा उल्केचाच, हे त्याचं म्हणणं बरोबर निघालं आणि पैसे सगळे बुडाले. १९२९ मध्ये तो वारला. हे मी वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं. तेव्हा माझे शेअर वर होते.

पायाळू

शुक्रवारी सकाळी सातला मळ्यात पोचले तेव्हा मामा धुऱ्यावर उभा होता, आणि त्याच्याबरोबर एक बारीक अंगाचे आजोबा. पाणाडे. हातात नारळ. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते वावरातून चालत जातात आणि पाण्यावर आले की नारळ उभा राहतो. शिवाय ते पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेले. पायाळू माणसाला जमिनीखालचं धन आणि पाणी दिसतं, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानतात. मामाने आधी मोबाइलवर कसलासा यंत्राचा रिपोर्टही काढून घेतला होता. तो म्हणाला, "दोघंबी एकाच जागी बोट दाखवते, मंग आपलं काय जाते?"

मी इंजिनिअर आहे. मला हसायचा हक्क होता. पण मी ज्या न्यूजलेटरवाल्याच्या शिफारशीवरून शेअर घेतले, त्याचा नारळ तरी कुठे वेगळा होता? त्याला वर्षाला दोनशे डॉलर भरले होते. आजोबांनी पाचशे एक रुपये घेतले आणि नारळ फोडून खोबरं सगळ्यांना वाटलं.

खालचा दगड तोच, सगळीकडे. आपला काळा कातळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर पसरले, त्याचा दख्खनचा पाट झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग भुसभुशीत, बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा. मधला घट्ट, पाण्याचा थेंब न धरणारा. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या गेरूचा पट्टा. पाणी असतं ते भेगांत, पोकळ्यांत, थरांच्या सांध्यांत. भेग भोकाच्या बाहेर चार हातांवर असेल तर भोक कोरडं. चार हातांवर! शेजारच्या वावरात दोन इंच पाणी आणि तुमच्याकडे धुरळा. यात अन्याय वगैरे काही नसतं, पण रात्री झोप लागत नाही. सोनं मात्र या दगडात शोधू नका. ते कर्नाटकातल्या हुट्टी-कोलारच्या जुन्या खडकांत, किंवा इकडे पूर्वेला भंडारा-नागपूरकडच्या साकोली पट्ट्यात, जिथे सरकारी भूवैज्ञानिकांना त्याच्या खुणा मिळाल्यात. कोलारची खाण तर २००१ मध्ये बंदच झाली.

मध्येच एक शंका तुमच्या मनात आली असेल. कॅनडातच कशाला मरायला गेलीस, भारतात नाहीत का असे शेअर? जवळपास नाहीतच. मुंबई शेअर बाजारात सोनं शोधणारी डेक्कन गोल्ड माइन्स ही एक कंपनी आहे. तिचा हावेरी जिल्ह्यातल्या गणाजूरचा प्रकल्प हे एक शिकण्यासारखं प्रकरण आहे. शोध घेतला, साठा मांडला, खाणपट्ट्यासाठी अर्ज केला. २०१५ मध्ये कायदा बदलला, खनिजांचे लिलाव सुरू झाले. आधीपासून शोध घेणाऱ्यांच्या हक्कांना सवलत होती, तीही २०२१ च्या दुरुस्तीने गेली. देशभरचे असे प्रलंबित अर्ज रद्द. जो भोक पाडेल त्यालाच खाण मिळेल याची खात्री नसेल तर भोक कोण पाडणार? म्हणून आपल्याकडे हे काम मुख्यतः सरकारी पैशाने होतं: जीएसआय, आणि नागपुरात मुख्यालय असलेली एमईसीएल. २०२३ मध्ये २९ खनिजांसाठी वेगळा शोध-परवाना आणला आहे, बघू. तोवर महाराष्ट्रात खासगी माणूस स्वतःच्या खिशातून जमिनीत भोक पाडतो ते फक्त पाण्यासाठी. आणि त्याचे शेअर विकत नाही, पाटल्या गहाण टाकतो.

पाटल्या मामीच्या. हे मला रिग सुरू झाल्यावर कळलं. मामाची तीनशे झाडं आहेत संत्र्याची, चौथं वर्ष. पाचव्या वर्षी फळ धरायचं. विहीर मार्चअखेरीला तळाला गेली. आधीचे तीन बोर फेल. टँकरने महिनाभर जगवली, पण एवढी झाडं टँकरवर किती दिवस? मामी म्हणाली, "सोन्याला लाखाचा भाव आला, आता नाई तं कधी?" २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमने लाखाचा टप्पा ओलांडला तेव्हा आम्ही ऑफिसात केक कापल्यासारखा आनंद केला होता, कारण सोनं वर म्हणजे सोन्याचे शेअर वर. त्याच भावावर इथे मामीला कर्ज जास्त मिळालं होतं.

बोरची गाडी तामिळनाडूची, तिरुचेंगोडची. देशभर फिरणाऱ्या निम्म्या बोरगाड्यांवर तुम्हाला याच गावाचं नाव दिसेल. दोन ट्रक: एकावर रिग, दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. सहा पोरं, लुंग्या, एक मुरुगनचा फोटो, एक जर्मनचं पातेलं. फुटाला भाव, केसिंग वेगळं, पाणी लागो न लागो. मामाने उदबत्ती लावली आणि त्यानंतर बोलणं अशक्य झालं. तो आवाज कानाने ऐकू येत नाही, दातांत येतो.

पहिले वीस फूट माती-मुरूम. मग काळा दगड. भोकातून राखाडी पीठ उडून सगळ्यांच्या अंगावर, झाडांवर, मामीच्या डब्यावर. एक पोरगा दर दांड्याला मूठभर भुकटी काढून ओळीने ढिगाऱ्या मांडत होता, दहा फुटांना एक. मी चकित झाले. हाच कोअर बॉक्स! तिकडे ओंटारिओत लाकडी खोक्यांत दगडाच्या कांड्या लावून फोटो काढतात आणि आम्ही पुण्यात बसून ते झूम करून पिवळं काही दिसतं का ते बघतो. इथे निकालाला लॅब लागत नाही. भुकटी ओली की कोरडी, बस.

साठ. ऐंशी. शंभर. कोरडी. मामा उकिडवा बसून ढिगाऱ्यांकडे बघत होता, जसं परीक्षेच्या निकालाच्या यादीत नाव शोधतात. एकशेवीसला त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मामी डबा घेऊन आली आणि न बोलता परत गेली.

ब्रे-एक्सची गोष्ट आठवली मला त्या आवाजात. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये जगातला सर्वांत मोठा सोन्याचा साठा सापडला म्हणून कॅनडात शाळामास्तरांपासून पेन्शन फंडांपर्यंत सगळे शेअर घेत सुटले. कंपनीची किंमत सुमारे ६ अब्ज कॅनेडियन डॉलर झाली. १९९७ च्या मार्चमध्ये तिचा भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरमधून खाली पडून गेला आणि मे महिन्यात तपासणीचा निकाल आला: नमुन्यांमध्ये बाहेरचं सोनं मिसळलेलं होतं. जमिनीत काहीच नव्हतं. त्यानंतर कॅनडाने २००१ मध्ये कडक नियम आणले, आता जबाबदार तज्ज्ञाच्या सहीशिवाय आकडे जाहीर करता येत नाहीत. मी नवशिक्यांना नेहमी हेच सांगायचे, "आता तसं होत नाही." खरंय, आता बहुतेक वेळा कोणी फसवत नाही. भोक प्रामाणिकपणे कोरडं निघतं.

एकशे साठला भुकटीचा रंग बदलला. तांबडी. गेरू! पोराने मूठ दाबून दाखवली, गोळा झाला. मामा उठला. एकशे बहात्तरला भोकातून आधी चिखल थुंकला गेला आणि मग पाणी. गढूळ, तांबडं, माणसाच्या कमरेएवढं उडणारं. मी किंचाळले. मामा किंचाळला नाही. तो पुढे गेला आणि त्या पाण्यात हात धरून उभा राहिला, जसं नळाखाली धरतात.

एकशे नव्वदला गाडीवाल्या अण्णाने अंदाज सांगितला: एक इंच, फार तर सव्वा. मग तो मामाच्या कानाशी येऊन ओरडला, "और पचास-साठ फीट, पक्का तीन इंच पानी!" मी बघत होते. हा क्षण मला पाठ आहे. कंपनी हेच म्हणते. अजून एक फेरी, अजून थोडे शेअर, खरं सोनं खालीच आहे. खूपदा खोटं नसतंही ते. १९९० च्या दशकात लॅब्राडोरमध्ये हिरे शोधणाऱ्या दोघांना व्हॉइसीज बेला निकेलचा साठा सापडला आणि तो १९९६ मध्ये ४ अब्जांहून जास्त डॉलरना विकला गेला. त्या एका गोष्टीवर हजार कंपन्या आजही पैसे गोळा करतात.

मामा म्हणाला, "दोनशावर थांबव."

कायद्यानेही तेवढंच चालतं; राज्याच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली जायला मनाई आहे. आजूबाजूला कोण किती पाळतं ते विचारू नका. मामाचं कारण वेगळंच होतं. नंतर चहा पिताना म्हणाला, "पैसे दोनशाचेच आणले व्हते. जास्त आणले असते तं जास्त केले असते. म्हणून आणले नाई."

साडेसहा

मळ्यात नेटवर्क नाही, पण विहिरीच्या थारोळ्यावर चढून उत्तरेकडे तोंड केलं की एक काडी येते. हे मी सकाळीच शोधून ठेवलं होतं. (फोनपासून पळून आले होते, हो. असो.) संध्याकाळी सहा पस्तीसला फोन थरथरला. प्रेस रिलीज. मथळा: 'खनिजपट्ट्याचा विस्तार निश्चित'. हे मथळे वाचायला शिकायला मला दोन वर्षं लागली. विस्तार म्हणजे सापडलं काही नाही, पण पट्टा लांब आहे. सहापैकी चार भोकांत लक्षणीय काही नाही. पाचव्यात दीड मीटरमध्ये ०.७ ग्रॅम. सहाव्याचा निकाल अजून लॅबकडे.

सातला बाजार उघडला. सात वाजून चार मिनिटांनी भाव पंचवीस सेंट होता.

थारोळ्यावरून उतरले तेव्हा मामी खाली बसून पाटीत भांडी घासत होती, नव्या पाण्याने. बोरचं पहिलं पाणी घरात वापरायचं असतं म्हणे. तिने माझ्याकडे बघितलं. मामीपासून मी कधी काही लपवू शकलेले नाही. कॉलेजातलं प्रेमप्रकरणसुद्धा तिलाच आधी कळलं होतं. दहा मिनिटांत सगळं सांगून झालं. कॅनडा, बर्फ, ग्रॅम, सेंट.

"किती गेले?"

"सव्वा लाखाच्या आत. एक लाख पंधरा धर."

तिने हातातलं पातेलं उपडं ठेवलं आणि हिशोब केला. मामाचा एक बोर केसिंग धरून पस्तीस-चाळीस हजारांना पडतो.

"म्हंजे तीन बोर."

"हो."

"आमचेबी तीनच गेले," मामी म्हणाली. "जावयाले सांगतलं का?"

मी काही बोलले नाही. तिने दुसरं पातेलं घेतलं. "मह्या पाटल्या मले इचारून नेल्या," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

रात्री अंगणात बाजा टाकल्या होत्या. जऊळक्याला अजून आकाशात तारे दिसतात, हे लिहायलाच हवं, कारण ही प्रवासाची पानं आहेत. दूर स्टेशनात मालगाडी थांबून सुटली. मी नवऱ्याला मेसेज टाइप केला, खोडला, पुन्हा केला. एक काडी नेटवर्कसाठी रात्री साडेदहाला थारोळ्यावर चढणारी मी बहुधा गावातली पहिलीच बाई असेन. मेसेज गेला. दोन निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही.

शनिवारी सकाळी शेजाऱ्याची मोटर उसनी आणून बोरमध्ये सोडली. बटण दाबलं, पाइप फुरफुरला, आणि पाणी आलं, स्वच्छ. मामाने मनगटावरच्या घड्याळात बघितलं. मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. कोणी काही बोलत नव्हतं. झाडांच्या पहिल्या ओळीत पाणी पोचलं, दुसऱ्या ओळीत वळवलं. वीस मिनिटं. तीस. बेचाळिसाव्या मिनिटाला पाइप खोकला, हवा आली, मामाने धावत जाऊन मोटर बंद केली.

"आता?" मी विचारलं.

"आता बसा. दीड घंटा जाऊ द्या, पुन्हा भरते का पाहू."

माझी गाडी दुपारची होती. मी मामीला विचारलं, संध्याकाळची आहे का एखादी? मग आम्ही तिघं लिंबाच्या सावलीत बसलो. मामाने घड्याळ काढून मधोमध चटईवर ठेवलं. मी फोन त्याच्या बाजूला पालथा घातला.